सपाट जमिनीवरच्या चार पायऱ्या

आमच्या जिन्याला सोळा पायऱ्या आहेत. माझे धाकटे दीर त्या चढताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतात, त्यामुळे ते आल्याचं मला दार वाजण्याच्या बरंच आधी कळतं. या वर्षी त्यांना छप्पन्नावं लागलं. त्यातली बावीस वर्षं त्यांनी जमिनी बघण्यात घालवली. सौरप्रकल्पाला किंवा पवनचक्क्यांना कुठली जागा चालेल ते पायी फिरून बघायचं आणि कंपनीला कळवायचं, हे त्यांचं काम.

जमीन नुसती मोकळी असून भागत नाही. सौर पॅनेल लावायची तर उतार बेताचा हवा, टेकडीची सावली नको, विजेची मोठी लाइन जवळ हवी. पवनचक्कीचं पातं तर इतकं लांब, की ते आणणारा ट्रक प्रत्येक वळणावर वळला पाहिजे. भरपूर वाऱ्याच्या एका माळावर भावजींनी केवळ वाटेतल्या अरुंद पुलापायी फुली मारली होती. ऑफिसात त्यांना ‘नकारघंटा’ म्हणतात. हे त्यांनीच मला सांगितलं, मोजे काढता काढता, जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं.

“मग वाजवता कशाला इतकी?” मी म्हटलं.

“वहिनी, दहा जागा बघाव्यात तेव्हा एक धड निघते. उरलेल्या नऊ ठिकाणी काय गाणं म्हणू?”

यंदा मात्र त्यांना होकार द्यायचा होता. गुडघे पार कामातून गेले होते. साहेबांनी कबूल केलं होतं, की या भागातली एक जागा पास झाली तर इथेच कायमचं ऑफिस निघेल आणि नकाशाच्या टेबलामागची खुर्ची भावजींची. नाहीतर सगळा शोध डोंगराकडे हलणार, आणि त्याच्याबरोबर तेही. मी त्या खुर्चीसाठी उशी शिवायला घेतली.

मार्चच्या अकरा तारखेला जागा सापडली. एका शिंप्याची होती. रस्त्याला लागून, ताटासारखी सपाट, लाइन हाकेच्या अंतरावर. तीन दिवस फिरूनही भावजींना तिच्यात खोट काढता येईना. “उद्या शेवटची चक्कर, मग सही,” ते म्हणाले, आणि हात धुताना शीळ घालू लागले. त्यांचे भाऊ, म्हणजे माझे यजमान, गेल्यापासून ती शीळ घरात ऐकू आली नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी गुडघे फारच बोलायला लागले, म्हणून ते डबा घेऊन शेतातल्या पंपाच्या खोलीबाहेर पायरीवर बसले. शिंपीही शेजारी टेकला. उठताना भावजींनी सवयीने पायऱ्या मोजल्या. गुडघे दुखणारा माणूस त्या मोजतोच. चार भरल्या.

“अशा सपाट जमिनीवर खोलीला चार पायऱ्या कशाला हो?”

“वडिलांनी बांधल्या. बसायला बऱ्या पडतात.”

“बसायला एक पुरली असती.”

शिंप्याने बांधाच्या दिशेने बोट केलं. “पलीकडची नदी,” तो म्हणाला. “वीस-बावीस वर्षांतून एकदा आत येते. मी लहान होतो तेव्हा आली, आणि मग मुलीच्या जन्माच्या वर्षी. त्याला आता पंधरा वर्षं झाली.”

“पाणी कुठवर?”

त्याने तिसऱ्या पायरीवर हात ठेवला. “पंप तेवढा वाचला.”

पॅनेल एकदा बसली की पंचवीस वर्षं तिथेच राहायची. कंपनीकडच्या पुराच्या नोंदी मात्र बाराच वर्षांच्या होत्या.

“तुम्ही बोलला नसतात तर मला कळलंही नसतं,” भावजी म्हणाले.

“चार दिवस लंगडत फिरताय. तुमच्याशी काय खोटं बोलायचं.”

संध्याकाळी ते जागेचा फॉर्म पुढ्यात घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. पेनाचं टोपण काढायचे, पुन्हा लावायचे.

“कागद माझ्या बाजूने आहे, वहिनी.”

“मग करा सही. पाणी येईल तोवर तुम्ही रिटायर झालेले असाल.” हे मी म्हटलं. त्यांचे पाय रोज गरम पाण्याने शेकायला मी पाणी ठेवत होते, म्हणून म्हटलं.

“तोवर शिंपी तर तिथेच असेल ना. आणि पंपासारखी पॅनेल पायऱ्यांवर चढवून ठेवता येत नाहीत.” त्यांनी टोपण काढून बाजूला ठेवलं. “शिवाय आपल्याला आता पायरी दिसली. दिसलेलं पुसू कसं?”

त्यांनी नकाराच्या चार ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. पलीकडचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. “जमीन बघायला पाठवतो आम्ही तुम्हाला, पायऱ्या कसल्या मोजता?” भावजी नुसतं “हो साहेब” म्हणत राहिले, पण लिहिलेलं मागे घेतलं नाही. आठवड्याने डोंगराकडच्या बदलीचं पत्र आलं.

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी जीप आली. भावजी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून बूट चढवत होते. मी उशी खाली नेऊन दिली.

“खुर्चीची ना ही?”

“जीपच्या सीटला होईल. तिकडे खोली तळमजल्यावर मिळाली का?”

“दुसऱ्या मजल्यावर,” ते म्हणाले, आणि कठड्याला धरून उठले.