मारामारीची कॅसेट

गुजराती मुलखाला लागून असलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यात, खडोलीच्या रस्त्यावर चहाच्या टपरीमागे पत्र्याची एक खोली होती. तिथं रविवारी व्हिडिओ लागायचा. नव्वदीची सुरुवात होती. मी आयटीआय करून खानदेशातून आलेलो, सुताच्या कारखान्यात फिटर. बारा तासांची पाळी, आठवड्याला एक सुट्टी, आणि त्या सुट्टीत जायला तेवढी एकच जागा. सिनेमे कराटेचे, कुंग-फूचे. बोलणं चिनी नाहीतर इंग्रजी. खोलीत बिहारचे, ओरिसाचे, सुरंगीकडचे वारली आणि आम्ही खानदेशी. कुणालाच अक्षर कळायचं नाही. पडद्यावर दोन म्हातारे बोलायला लागले की मागून ओरडा व्हायचा, "ए सेठ, बात काट! मार दिखा!" गुजराती मालक बिचारा बटण दाबून बोलणं पळवायचा.

एकदा मालकानं डोकं चालवलं. कुठून तरी दुसरा व्हीसीआर आणला आणि पाच-सहा सिनेमांतली नुसती मारामारी एका कॅसेटवर उतरवून घेतली. "आ जुओ, एकली मारामारी!" असं तो मोठ्या ऐटीत म्हणाला. खोली गच्च भरली. पहिली दहा मिनिटं शिट्ट्या, अर्ध्या तासात जांभया, आणि तासाभरात निम्मे लोक बिडी ओढायला बाहेर. मालक कपाळाला हात लावून बसला. मीही चक्रावलो. लाथा त्याच होत्या, उड्या त्याच, मग मजा गेली कुठं?

मी पडलो फिटर. काही बिघडलेलं दिसलं की मला चैन पडत नाही. आठवडाभर मशीनपाशी उभा राहून तोच विचार केला. मग ध्यानात आलं, की आम्ही जे पळवायला लावत होतो त्यातच सगळा माल होता. गुरूच्या ताटात कोण थुंकलं, हिरो तिसऱ्यांदा मान खाली घालून का गेला, हे बघितलेलं असेल तरच चौथ्या वेळच्या ठोशाला चव. भाषा कळली नाही तरी खाली गेलेली मान कळतेच की. शिवाय चांगली मारामारी नेहमी अडचणीच्या जागी होते, जिन्यात, गोदामात. मोकळ्या मैदानात काय, पळूनही जाता येतं. ठोसा कुठून निघाला आणि कुठं बसला ते एका नजरेत दिसलं पाहिजे. आणि हिरोलाही लागलं पाहिजे. ज्याला दुखतच नाही त्याचं जिंकणं कसलं! खोलीवरच्या पोरांना हे सांगितलं तर म्हणाली, याला ऊन लागलंय.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात तेव्हा दुसरीच मारामारी चालू होती.

आम्हाला कारखान्यात लावणारा ठेकेदार आमच्याच तालुक्याचा. सगळे त्याला मामा म्हणायचे. कामाला लावताना तो प्रत्येकाचं मूळ सर्टिफिकेट ठेवून घ्यायचा. "तुमनी खोली गळस, मन्हाकडे राहू दे," म्हणायचा, आणि ते तिथंच जवळ, टोकरखाड्याला असलेल्या त्याच्या घरी लोखंडी पेटीत जायचं. त्या कागदाशिवाय दुसरीकडे दारात कोण उभं करणार? गावाकडच्या एका सरकारी कारखान्यातून मला दोनदा मुलाखतीचं बोलावणं आलं. मूळ सर्टिफिकेट आणावं, असं पत्रात स्पष्ट लिहिलेलं. दोन्ही वेळा मी मामाकडे गेलो आणि हात हलवत परत आलो.

त्यानं नकार दिला असता तर बरं झालं असतं. तो नकार द्यायचाच नाही. मला दारात बघून विचारायचा, "जेवना का रे भाऊ?" मामी लगेच ताट वाढायची. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी. याच माणसापुढे हात जोडून वडिलांनी मला चिकटवलं होतं. भाकरी मोडता मोडता मी कागदाचा विषय काढायचो, तो म्हणायचा, "देसू ना, घाई काय शे?" आणि मी मान डोलावून हात धुवायला उठायचो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, वर आग्रह करून वाढलेला. सिनेमातला खलनायक किती सोयीचा! गालावर वण, खिंकाळणारं हसू. त्याच्या घरी कुणी भरीत खाऊन येत नाही. मला मामाचा राग यायचा, पण त्याहून जास्त चीड स्वतःची यायची.

तिसरं बोलावणं आलं ते शेवटचं. पुढच्या वर्षी माझं वय बसणार नव्हतं. मुलाखत सोमवारी होती. शनिवारी दुपारी मी टोकरखाड्याला गेलो. वाटेत वाक्यं घोकली, मुठीसुद्धा आवळून बघितल्या. मामानं नेहमीसारखं विचारलं, "जेवना का?"

मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. "नही जेवनू. मन्हा कागद द्या."

आवाज चिरकला. मामी पदराला हात पुसत बाहेर आली. आता हा ओरडेल, वडिलांवरचे उपकार काढेल, असं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला तो ओरडायला हवा होता.

तो उठला. पेटी उघडली, गठ्ठ्यातून माझं सर्टिफिकेट काढलं आणि हातात दिलं. "लई जाय," म्हणाला. मग पेटीचं झाकण लावता लावता अगदी सहज म्हणाला, "पण मन्हा एक माणूस कमी व्हई. तुन्हा लहाना भाऊले धाडी दे."

धाकटा नुकताच आयटीआय होऊन घरी बसला होता. कागद माझ्या हातात होता. नाही म्हणून पायऱ्या उतरलो असतो तरी कुणी अडवलं नसतं. दोन वर्षं साठवलेला राग घेऊन मी तिथं उभा होतो, आणि मी म्हणालो, "बरं, मामा." मग आत जाऊन जेवलोसुद्धा.

नोकरी लागली. आईनं गल्लीत पेढे वाटले. त्याच आठवड्यात मामाचा निरोप आला, पोराला पाठवा, सर्टिफिकेटसकट. आई-वडील दोघंही माझ्याकडे बघायला लागले, कारण तिथलं जे काय होतं ते मलाच ठाऊक. मी बूट घ्यायला बाजारात निघून गेलो. संध्याकाळी धाकटा माझ्यापाशी येऊन बसला.

"दादा, तू सांगशी तरच जास मी."

मी नव्या नोकरीचे बूट पुसत होतो. मान वर न करता म्हणालो, "जाय."