नवसाच्या मोटारीचं डावं अंग

भोंगवलीच्या गेनबा सुताराकडे निरोप धाडून काम होत नसे. नांगराचं रुमणं मोडो की पाभरीचं चाडं तडको, निरोप्याला तो एकच उत्तर देई, "मोडलेलं घिऊन ये, मंग बोलू." दार करायचं असलं की चौकट बघायला तो कोस-दोन कोस चालत जाई. घरमालकाने सुतळीला गाठ मारून आणलेलं माप त्याला चालत नसे, कारण ती गाठ घरमालकाची असे. एकदा पाटलांनी वैतागून याचं कारण विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "न बघता येक लगीन केलं म्या. तेवढं बास झालं."

आत चुलीपाशी त्याची बायको ठकुबाई भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "आन् म्या काय बघून केलं व्हतं व्हय?"

गावचा देव भैरोबा. मूल व्हावं म्हणून बायका त्याला नवस बोलत आणि झालं की देवळाच्या तुळईला लाकडी पाळणा टांगत. हे पाळणे गेनबाच करी. पाळणा टीचभर, पण त्याच्या कड्या फिरत आणि झोका दिला तर तो दोन्हीकडे सारखा जाई. देवळाचा गुरव चिमाजी हा गेनबाचा लहानपणापासूनचा सोबती. तो म्हणे, "आरं, ह्यात कोन निजायचंय?"

"निजायचं नसंल तर पाळना कशाला म्हनायचा?" गेनबा विचारी.  

अशा माणसाच्या वाटेत मोटार यायला नको होती. ती आली पस्तीस सालच्या पौषात. गेनबा बाभळीचं एक लांबलचक लाकूड गाडीत घालून सारोळ्याकडे निघाला होता. पुण्याच्या बाजूने आधी आवाज आला आणि बऱ्याच वेळाने मोटार. सडकेवरून जाणाऱ्या इतर मोटारींना टप असे, दारं असत, आत बसलेल्या माणसांना काही अब्रू असे. हिला यातलं काही नव्हतं. लांबोडकं हिरवं अंग, चार उघडी चाकं आणि मध्ये दोन माणसं कंबरेपर्यंत खोचलेली. कुठल्याशा शर्यतीसाठी एक साहेब तिला दक्षिणेकडे घेऊन चालला होता. नीरेच्या पुलाच्या अलीकडे एक म्हैस सडक ओलांडत होती. म्हशीने वेग बदलला नाही. साहेबाने बदलला, आणि मोटार डाव्या कुशीवर खड्ड्यात पडली.

साहेब हरभऱ्याच्या वावरात फेकला गेला आणि तिथंच मांडी घालून आपल्या हातमोज्यांकडे बघत राहिला. त्याचा मेकॅनिक मोटारीखाली होता. मानसिंग त्याचं नाव, वय पंचविशीचं. डोकं आणि एक हात तेवढा बाहेर होता.

माणसं गोळा झाली, सगळ्यांनी जोर केला, मोटार हलेना. तेव्हा गेनबा मोठ्याने बोलला, "भैरोबा, ह्यो मानूस जित्ता निगू दे. हीच्या ही गाडी करून तुज्या पायाशी ठिवीन."

घाईत माणसाच्या तोंडून आपल्या धंद्यातलंच काहीतरी निघतं. वाणी असता तर गूळ बोलला असता, धनगर असता तर बोकड. गेनबा सुतार होता. बोलून होताच त्याने गाडीतलं लाकूड ओढलं, खाली दगड दिला, चार जण टोकावर लोंबकळले. मोटार वीतभर उचलली गेली, मानसिंग ओढून काढला, आणि मोटार परत होती तशी आडवी झाली.

साहेब आणि मानसिंग पुण्याला रवाना झाल्यावर दुसराच प्रश्न निघाला. सडक इंग्रज सरकारची आणि खड्डा भोर संस्थानचा, असं कुणीतरी काढलं. मोटार तर दोन्हींत पडली होती. जाणत्यांचा हा वाद चालू असेपर्यंत राखण कुणी करायची, तर जो उठून जात नव्हता त्याने. गेनबा तिच्याभोवती सुतळी घेऊन फिरत होता. मोटारीच्या एका वितीला आपलं एक बोट, असा हिशेब त्याने धरला. उजवं अंग समोर होतं. त्यावरून जाणारा जाडजूड नळा, बाहेर निघालेला दांडा, शेपटीकडे रंगवलेला शर्यतीचा आकडा, सगळं त्याने मापून घेतलं. आणि मोटार कुशीवर असल्यामुळे, भल्याभल्या मोटारवाल्यांना कधी दिसत नाही ते पोटही त्याला उघडं मिळालं. डावं अंग मात्र चिखलात रुतलेलं होतं. पुण्याहून खटारा आला, त्या बाजूची चाकं मोडलेली म्हणून मोटार पडली होती तशीच साखळ्यांनी आडवी चढवली, वर ताडपत्री टाकली आणि नेली.

गेनबाने शिवणीचं लाकूड निवडलं. गाड्या-नांगरांच्या कामातून वेळ उरेल तशी मोटार उतरत गेली. हातभरापेक्षा थोडी कमी लांब. चाकांच्या आऱ्या तारेसारख्या बारीक होत्या. त्यासाठी त्याने केरसुणीचे हीर काढले, आणि घरातल्या केरसुण्या एकामागून एक टक्कल पडल्यासारख्या दिसू लागल्या. टायर जुन्या मोटेच्या चामड्याचे. नळा बोरूचा. हिरवा रंग शाळेच्या दारांना लावून उरलेला. पोटाखाली बाभळीच्या काट्यांची टोकं ठोकून त्याने एकेक बोल्ट केला, आणि एके ठिकाणी तेल ओघळल्याचा डाग होता तोही बिब्ब्याने काढला. सुकाणूचं चक्र फिरवलं की पुढची चाकं वळत. सगळं झालं, आणि डावी बाजू कोरी राहिली. नुसतं रंधलेलं लाकूड.

"उजवीसारकीच कर की," चिमाजी म्हणाला.

"सारकीच हाय कशावरनं?"

"आरं, गाडीला दोन बाजू सारक्या असत्यात. निदान आकडा तरी घाल."

"बैलाला दोन्ही अंगाला डाग देत्यात का? काळीज दोन्हीकडं असतंय का?"

"मंग नारळ फोड आन् मोकळा हो. देव बारीकसारीक बघत न्हाई."

"हीच्या ही गाडी म्हनलोय मी. हिच्यासारकी न्हाई म्हनलो." गेनबाने मोटार फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली.

वर्षं गेली. नवस फेडायचा राहिला की गावाची सगळी संकटं त्याच्या नावावर जमा होतात. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या भाताला करपा लागला, की पाणवठ्यावर बायका ठकुबाईकडे बघत. ठकुबाई घरी येऊन फळीकडे बघे. "अवं, लोकं माज्या तोंडावर बोलाय लागली," ती म्हणे. गेनबा सारोळ्याला जाऊन सडकेवर थांबे, मोटारवाल्यांना विचारी. कुणी हसे, कुणी त्याला वेडा समजून विडी देई. तो विडी ओढत नसे, चिमाजीला आणून देई. आणि या सगळ्याहून वाईट गोष्ट ही होती, की त्याच्या उजव्या डोळ्यावर साऱ्याचा पडदा येऊ लागला होता, आणि डावाही त्याच वाटेवर होता. बघायचं राहिलं होतं आणि दिसायचं कमी होत चाललं होतं. आणखी एखाद-दोन वर्षांत डावं अंग समोर आणून ठेवलं असतं तरी उपयोग नव्हता. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. फक्त रंधा मारल्यावर फळी तो हाताने चाचपू लागला, आणि ठकुबाईने ते पाहिलं.

बेचाळीस सालच्या चैत्रात जत्रेला एक लंगडणारा माणूस नारळ घेऊन आला आणि सुताराचं घर विचारू लागला. तो मानसिंग होता. पाय वाचला होता, आखूड झाला होता. चहा झाल्यावर ठकुबाईनेच फळीवरची मोटार काढून त्याच्या मांडीवर ठेवली.

मानसिंगने ती मोटार दोन वर्षं रोज धुतली-पुसली होती. त्याने चक्र फिरवलं, चाकं वळलेली बघितली, मग मोटार उलटी केली आणि पोटाखालच्या एकेका बोल्टावरून बोट फिरवत गेला. शेवटी बिब्ब्याच्या डागावर बोट ठेवून म्हणाला, "इथनंच गळायचं. साहेबाला पटत नव्हतं."

"डावी बाजू ऱ्हायलीया," गेनबा म्हणाला.

"एवढंच ना? मी सांगतो. डावीकडे नळा नाही. नुसत्या वाऱ्याच्या फटी, ओळीने. आणि आकडा, तोच."

"आकडा हाय?"

"आहे."

"मंग बैलाचं चुकलं माजं," गेनबा म्हणाला. "पर ही कवाची गोष्ट सांगताय तुमी? पडायच्या आदीची?"

"हो."

"नवस बोललो तवा ती पडलेली व्हती. तवा डावं अंग कसं व्हतं?"

मानसिंगने विचार केला. "तेव्हा मी त्याच्या खाली होतो, दादा."

"मंग तुमालाच दिसलं आसंल."

"डोळे मिटले होते."

ठकुबाईने कपाळाला हात लावला. पण मानसिंगच्या बोलण्यातून पुढे जे निघालं त्याने गेनबा उठून उभा राहिला. लढाई लागल्यावर साहेब फौजेत गेला आणि जाताना मोडकी मोटार मानसिंगला देऊन गेला. मानसिंगने ती वेल्ह्याला आणून तिच्या इंजिनावर भाताची गिरणी घातली. शर्यतीचं इंजिन ते. भात भरडताना त्याला आपण मागे पडतोय असं वाटत असावं. एक हंगाम गिरणी फार जोरात चालली, मग पेट्रोल मिळेना आणि बंद पडली. मोटारीच्या डाव्या अंगाचा पत्रा, चेपलेला तसाच, वरच्या धनगरवाड्यावर गेला होता. मोडका का होईना, आहे.

दोघे सारोळ्याहून सर्व्हिस मोटारीने नसरापूरला आणि तिथून भाताच्या गाडीने वेल्ह्याला गेले. एकाला चढ चढताना पाय त्रास देत होता आणि दुसऱ्याला वाट नीट दिसत नव्हती, म्हणून तोरण्याच्या पायथ्याची ती चढण त्यांनी एकमेकांना धरून केली. वाड्यावर सोजराबाई नावाची धनगरीण होती. तिच्या झोपडीपुढे दगडांवर मोटारीचं डावं अंग आडवं टाकलेलं होतं. मधोमध पत्रा असा आत गेला होता की त्याची परातच झाली होती. परातीत पाणी होतं आणि तीन करडं पीत होती.

"हीच," मानसिंग म्हणाला.

गेनबा पुढे सरकला तशी सोजराबाई म्हणाली, "दम धरा, पावनं. पेत्यात ती."

करडं पिऊन होईपर्यंत नवस थांबला. मग तिने पाणी ओतलं. गेनबा गुडघ्यांवर बसला, डावा डोळा पत्र्याला लावला आणि जे डोळ्याला कळेना ते बोटांनी बघू लागला. फटींची ओळ मध्येच मुडपली होती. आकडा अर्धा बाहेर आणि अर्धा चेपेच्या आत वळला होता. कडेला मांडीएवढी एक खोलगट जागा होती, तिथं बोटं थांबली. मानसिंगने आपल्या मांडीकडे बघितलं.  सुतळी निघाली, गाठी पडू लागल्या.

"कशापायी मापताय?" सोजराबाईने विचारलं.

"द्येवाला द्यायचंय."

"ह्यो चेंबललेला पत्रा?"

"व्हय. आसाच."

"तुमच्या द्येवाचं अवगडच हाय की," ती म्हणाली. "मापा, पर ठोकून सरळ करू नगा बरं का. सरळ पत्रं लई मिळत्यात. पानी धरनारं ह्येच येक."

"म्या हात लावायचा न्हाई त्येला," गेनबाने शब्द दिला. सरळ न करण्याबद्दल कुणी सुताराकडून वचन घेण्याची ही पहिलीच वेळ असावी.

ज्याचा जन्म लाकूड सरळ करण्यात गेला, त्याने पुढचं वर्ष ते वाकडं करण्यात घालवलं. कोरी बाजू सरळ होती तेव्हा सोपी होती. डावी चाकं त्याने मोडली, पण चेप नुसती खोदून भागत नव्हती. ओढलेल्या पत्र्याची ताणलेली सुरकुती लाकडात यायला हवी होती. तो डोळे मिटूनच काम करी, कारण अर्धवट दिसलेलं हाताला चुकवतं असं त्याच्या लक्षात आलं होतं. ठकुबाई शेजारी बसून, कुठे रंग लागला आणि कुठे कोरं राहिलं ते सांगे. त्याने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला. ठकुबाईने तसं बोलून दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "ते लगीन बरं निगालं."

पुढच्या जत्रेत ढोल वाजवत मोटार देवळात आली. मानसिंगही आला होता. मोटार हातोहात फिरली, आणि ज्यांनी इतकी वर्षं कोऱ्या बाजूची थट्टा केली होती त्यांनी चेपेवरून अंगठा फिरवला आणि पुढच्याला दिली. मग गेनबाने ती घेतली, भैरोबाच्या पायाशी गेला आणि डाव्या कुशीवर, जशी खड्ड्यात पडली होती तशी, आडवी ठेवली.

चिमाजीने ती उचलायला हात पुढे केला. "गेनबा, उबी कर की. सात-आठ वर्सं जिच्यासाटी घालवली ती बाजू खाली गेली. कुनाला दिसायची ती?"

"नवस बोललो तवा बी दिसत नव्हती," गेनबा म्हणाला. "पर व्हती."

चिमाजीने हात मागे घेतला. तेव्हापासून सकाळी गाभारा झाडताना तो मोटार उचलतो, खालची धूळ काढतो, डाव्या अंगावरून एकदा फडकं फिरवतो, आणि कुणी बघत नसलं तरी ती परत त्याच कुशीवर ठेवतो.