चष्म्यातली रिकामी गल्ली

माझ्या डोळ्यांवरचा चष्मा तिनं काढला आणि पुसला. काळा, जाड, डोकं आवळणारा चष्मा. माझ्याआधी चारपाच जणांनी घातला होता. वकील, डॉक्टर, तिचे स्वतःचे काका. तेव्हा नाही पुसला. माझ्या डोक्यावरून उतरला तेव्हा पर्समधून ओला कागद निघाला. पट्टा पुसला, काचा पुसल्या, मग पुढच्याला दिला. हसत दिला. तिला काही वाटलंसुद्धा नाही.

देवासातली सभा. आमच्या भागाचं रूप पालटायचं, आणि ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, म्हणून बोलावलं होतं. चष्मा घातला की आपण उद्याच्या रस्त्यावर उभे. मान वळवा, चालून पाहा, मग हात वर करून कौल द्या. दाखवणारी ती. पुण्याहून आर्किटेक्ट होऊन आलेली. शाळेत आम्ही एका वर्गात होतो, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशीच तिचं घर. तिचे पूर्वज दरबारातले मानकरी, आमचे त्याच दरबाराचे तंबू शिवायला आलेले. आम्ही अजून शिवतोच आहोत. लग्नाचे मांडव, धामनोदच्या ट्रकांच्या ताडपत्र्या. तिच्याकडे हळदीकुंकू असलं की माझी आई खालच्या पायरीवर बसायची आणि कुंकू तिला सगळ्यांत शेवटी लागायचं.

खरं सांगते, मी तिच्यावर लहानपणापासून जळते. तिच्या गणवेशाच्या इस्त्रीवर, तिच्या स्वच्छ मराठीवर. शाळा दोघींची हिंदीतूनच झाली, पण ती घरी मराठी शिकली; मी मराठी आजही अडखळत वाचते. त्या दिवशीसुद्धा मला घाई कसली, तर तिच्या त्या चष्म्यात शिरायची.

शिरले. समोर तिचं घर. नवा रंग, तोच लाकडी सज्जा, सज्ज्यात जास्वंदीच्या कुंड्या. असा जळफळाट झाला की बाकी काही दिसेना. मग मान वळवली. आमची गल्ली होती. बाकडी, दिवे, मधोमध फुलांचे वाफे. आमची दारं बंद. कापडाचं एक सूत नाही.

मांडव खोलीत शिवून होत नाही. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कापड पसरावं लागतं, तेव्हा कुठे सुई चालते. वाफे आले की आमचं पोट गेलं.

मी विचारलं, "आमचं कापड कुठाय ह्याच्यात?"

"अगं, आम्ही स्वतः येऊन शूट केलंय. तुमची गल्ली रिकामीच असते."

बाबा माझ्या बाजूला उभे होते. माझ्याएवढ्या मुलीला ते म्हणाले, "बाईसाहेब, त्या दिवशी अमावस होती. अमावसला आम्ही सुई नाही धरत."

मागून कोणीतरी "जल्दी करो भिया" म्हणालं. तेवढ्यात तिनं माझा चष्मा काढला. आणि पुसला.

मग कौल. पसंत असेल त्यांनी हात वर करा. हात भराभर वर गेले. बाबांचाही गेला. त्या घरातून कोणी काही सांगितलं की आमचा हात आपोआप उठतो. लाज वाटते सांगायला, माझाही उठत होता. का, तर तिनं माझ्याकडे बघून मान हलवली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तेवढ्यासाठी मी माझी गल्ली देऊन टाकत होते.

मी माझा हात खाली घेतला. मग बाबांचा मनगटाशी धरला आणि तोही खाली आणला. ते घाबरून माझ्याकडे बघत राहिले.

"आमची हां नाही," मी म्हणाले. "कापड पसरलेलं असेल तेव्हा या. ते ह्याच्यात घाला. मग विचारा."

तिचा चेहरा लाल झाला. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. शेवटी गल्लीचा निर्णय पुढच्या सभेवर गेला. निघताना ती म्हणाली, "पुन्हा येऊ. पण कधी यायचं, ते आम्ही ठरवू."

ठरवा.

काल अमावास्या होती. बाबांनी नेहमीसारखी सुई देवापुढे ठेवली. त्यांच्या सुईला मी हात लावला नाही. माझी ओवली. तिरला गावातल्या लग्नाचा लाल मांडव गल्लीभर पसरला आणि त्याच्यावर शिवायला बसले. बाबा दारात उभे राहिले. समोर ती सज्ज्यात आली. बघत होती. माझा टाका थांबला नाही.

जळते मी तिच्यावर, अजूनही. पण तिच्या चित्रात आता जागा मागणार नाही. अमावस असो की पुनव, ती येईल तेव्हा गल्लीत कापड असेल आणि कापडावर मी. तिला ओलांडायचं असेल, तर माझ्या कापडावर पाय देऊन ओलांडावं लागेल, आणि तो मी देऊ देणार नाही.