ताऱ्याखालची गोधडी

अगं, इकडं ये, जवळ सरक. कागदावर लिहिलंय म्हणून लांबूनच वाचायचं असं थोडंच असतं? गेल्या नाताळाला येते म्हणालीस. तुझ्यासाठी करंज्या डब्यात ठेवल्या, त्या मऊ पडल्या, शेवटी मीच खाल्ल्या. त्याचं पित्त झालं ते तुझ्या नावावर. रागवत नाय मी. पण आली असतीस तर हे सगळं डोळ्यांनी बघितलं असतंस आणि मला लिहीत बसायची वेळ आली नसती.

गोष्ट ताऱ्याची आहे. डिसेंबर लागला की आपल्या लोकांत घरावर कागदाचा तारा चढतो, आत दिवा. क्रांती चौकामागच्या गल्लीत माझं घर आणि धाकट्या जावेचं घर एकाच भिंतीला दोन बाजूंनी टेकलेलं. आम्ही सुना होऊन आलो तेव्हा घर एकच होतं, ताराही एकच. तो लावायला मी स्टुलावर चढायची आणि ती स्टूल धरायची. पुढं दोन घरं झाली, दोन तारे झाले.

चार वर्षांमागं तिचा तारा माझ्यापेक्षा वीतभर वर दिसला. मी लगेच माझी काठी बदलून लांबडी लावली. पुढल्या नाताळाला तिनं गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला लोखंडी पाइप उभा केला. मग मी वैजापूरच्या भावाला फोन केला. तो कांद्याच्या टेम्पोवर बांबू टाकून घेऊन आला. बांबू एवढा लांब की गल्लीच्या वळणावर अडकला. रिक्षा, दोन म्हशी आणि एक आख्खी वरात अर्धा तास खोळंबली. नवरदेव घोड्यावरून उतरून बांबू उचलायला लागला, तेव्हा कुठं तो सुटला.

जाऊ भिंतीवरून बघत होती. म्हणाली, "ताई, तारा लावताय का मोबाइलचा टॉवर?"

मी म्हणाले, "टाकीपेक्षा बरा. तारा बघून बाळ येशूला शोधत निघालेले पूर्वेकडचे ज्ञानी तुझ्या दारी आले तर लोकांना वाटंल, पाणी भरायला आलेत."

तेच शेवटचं बोलणं. पुढं तीन वर्षं अबोला.

अबोला म्हणजे समोरासमोरचा. प्रार्थनेत आम्ही रीतसर बोलायचो. गुरुवारी बायकांची प्रार्थना असते. तिथं ती डोळे मिटून उभी राहायची. "हे प्रभू, ज्यांना उंचावर बसायची हौस आहे त्यांना तूच खाली आण." मी सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणायची आणि लगेच उठायची. "बापा, ज्यांच्या डोक्यात टाकीचं पाणी शिरलंय त्यांना कोरडं कर." बाकीच्या बाया एक डोळा उघडा ठेवून ऐकायच्या. गुरुवारची गर्दी लई वाढली. चर्चच्या पाळकीणबाईंना वाटलं, मंडळीत जागृती आली.

खरं सांगू का तुला, मला ती पाहिजे होती. गुडघा दुखला की सांगायला तीच, कालवण बिघडलं की भिंतीवरून वाटी सरकवायला तीच. आणि अबोला धरून चर्चमध्ये प्रभुभोजनाला, भाकर-द्राक्षरस घ्यायला, बसायचं नसतं, हे मीच रविवारच्या शाळेत लेकरांना शिकवत आलेली. तरी तीन नाताळ मी प्याला तोंडाला लावला. घोटभर द्राक्षरस, पण उतरताना घशात अडायचा. आता चौथा नाताळही तसाच जाणार, असं मनात धरून मी करंज्या तळत होते.

त्या आठवड्यात पाळकसाहेबांनी लेकरांसारखं होण्यावर उपदेश केला. मी मान डोलावली. नंतरच्या एका संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत माझ्या सहा वर्षांच्या नातीची पाळी आली. तिनं हात जोडले. "देवा, आजीचा तारा पाड. छोट्या आजीचा पण पाड. आमेन."

आणि उठली. पलंगावरची गोधडी ओढत अंगणात नेली आणि बरोबर ताऱ्याखाली अंथरली.

"हे काय गं?"

"वरून पडल्यावर लागंल ना त्याला."

"कशानं पडंल?"

"आत्ताच तर सांगितलं देवाला. तुझ्यासमोर."

"कधी पडणार मग?"

"ते नाय विचारलं मी."

मी हसायला पाहिजे होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी गल्लीतल्या वायरमनला बोलावलं.

"तारा हलतोय का, आजी?"

"नाय."

"मग बांधायचं कशाला?"

नातीनं प्रार्थना केलीय, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगू? म्हणाले, "तू बांध. जाड तारेनं बांध." चाळीस वर्षं विश्वास शिकवलेली बाई मी, आणि देवाच्या विरुद्ध तार ओढून घेतली. वर अंगणात खुर्ची टाकून डाळ निवडत पहाऱ्याला बसले. तिथं बसल्या बसल्या ध्यानात आलं की माझ्या स्वतःच्या एकाही प्रार्थनेच्या भरवशावर मी कधी दारासमोर चटईसुद्धा अंथरली नव्हती.

दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी, उन्हं उतरताना वर बघितलं, तर माझा बांबू जरा वाकलेला आणि जावेचा तारा चार बोटं वर. राहवलं नाही. गुडघ्याला शिव्या देत शिडी चढून गच्चीवर गेले आणि बांबू सरळ करायला तार धरून जोरात ओढली.

वायरमननं काय केलेलं माहितीय? माझा बांबू बांधायला जवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यानं तो तिच्या टाकीच्या पाइपाला बांधलेला. आणि मी बोलावल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनंही त्यालाच बोलावलेलं. तेव्हा तिचा पाइप त्यानं माझ्या बांबूला बांधून ठेवलेला. म्हणजे दोघींचे तारे एकमेकींच्या आधारावर उभे. मी ओढल्याबरोबर बांबू आला, बांबूमागं पाइप आला, दोन्ही तारे वरच्या वर एकमेकांना धडकले आणि गेले खाली. माझा तिच्या अंगणात, तिचा माझ्या.

भिंतीपलीकडं जाऊ धावत अंगणात आली. मग आवाज आला. "ताई, तुमचा इकडं पडलाय."

तीन वर्षांनी ताई ऐकलं. मी म्हणाले, "तुझा इकडं. गोधडीवर पडलाय, दिवा फुटला नाय."

"इकडं पण गोधडी आहे."

"कुणी टाकली?"

"आपल्याच कार्टीनं. मी उचलायला गेले तर म्हणती, राहू दे, देव आज पण पाडू शकतो."

"मग तू वायरमनला का बोलावलंस गं?"

"तुम्ही का बोलावलंत?"

आधी तिला हसू फुटलं की मला, ते अजून ठरलं नाय. हसत हसत उतरायला लागले तर माझा गुडघा लचकला आणि मी शिडीच्या वरच्या पायरीवर अडकले. ती धावत गेटातून आली, खालून शिडी दोन्ही हातांनी धरली, पूर्वी स्टूल धरायची तशीच. वरूनच माझ्या तोंडून निघालं, "मी चुकले गं."

ती म्हणाली, "आधी खाली या. वर उभं राहून माफी मागू नका."

खाली आले आणि मागितली. तिनंही मागितली. तेवढ्यात नात आली. तिला कशाचंच नवल वाटलं नाय. गोधडीची माती झटकून म्हणाली, "झालं ना आता? घडी घालायला लागा दोघी."

नाताळाला आम्ही एका बाकावर बसलो. प्याला सरळ खाली उतरला.

गुरुवारची गर्दी मात्र पुन्हा रोडावली. बायांना आमच्या प्रार्थनेत आता काही राम वाटत नाय.

धडकेत माझा दिवा फुटलेला, तिचा कागद फाटलेला, म्हणून माझ्या ताऱ्याचा कागद आणि तिच्या ताऱ्यातला दिवा, असा मिळून एकच तारा राहिलाय. तो नातीनं स्वतःचा हात पोचतो तिथं, माझ्या दाराच्या मधोमध, दोरीनं लोंबकळत बांधलाय. नाताळ होऊन दोन महिने झाले, काढू देत नाय. पाळकसाहेबांच्या कपाळाला लागला, वायरमनचा चष्मा पडला, जाऊ रोज वाकून येते आणि रोज कुरकुरते.

तू पण ये लवकर, ईस्टरपर्यंत वाट बघायला लावू नको. जावेनं तुझ्यासाठी शेवेचे लाडू केलेत, माझ्यापेक्षा बरे झालेत. दारात वाक तेवढी.