पासिफिको दुभाष्या आणि गेलेल्यांची नावं

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या मिशनचा पासिफिको हा दुभाष्या. पाद्रींनी स्पॅनिशमध्ये तासभर पापावर बोलावं आणि त्याने आमच्या भाषेत सांगावं, "चोरी करू नका, नाहीतर जळाल. आता गुडघे टेका." तीस वर्षांत कुणाचीच तक्रार आली नाही. पाद्रींची समजूत अशी, की आमची भाषा फार आटोपशीर आहे.

त्या वर्षी पाद्रे एलॉय नवे आले. उत्साह दांडगा. जुन्या वहीत बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाची दोन नावं होती, एक चर्चने दिलेलं आणि एक आईबापांनी ठेवलेलं. त्यांनी ठरवलं, मृतांच्या सणाला सगळ्या गेलेल्यांची दोन्ही नावं मोठ्याने घ्यायची.

पासिफिको तडक त्यांच्याकडे गेला. चर्चचं नाव कितीही घ्या, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण गेलेल्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव तोंडातून काढलं, की ते माणूस समुद्रापलीकडच्या वाटेवरून मागे फिरतं आणि ना इकडचं राहतं, ना तिकडचं. त्याची बायको टेक्ला त्याच उन्हाळ्यात गोवराने गेली होती. ती अजून वाटेतच असणार.

"पाद्रे, हे बरं नाही," तो म्हणाला.

"का रे बाबा? आठवण काढायला काय हरकत आहे?"

"आठवण काढा की. नाव कशाला?"

पाद्रींना हसू आलं. विषय संपला.

सणाच्या दिवशी वही उघडली. आमची नावं पाद्रींच्या जिभेला झेपत नसत, म्हणून त्यांनी चर्चचं नाव घ्यायचं आणि दुसरं पासिफिकोने पुकारायचं, असं ठरलं होतं.

"एमेरेन्सियाना!" पाद्रे म्हणाले.

"फुटकी टोपली!" पासिफिकोने आमच्या भाषेत गंभीरपणे पुकारलं.

"लिबोरिओ!"

"ओलं सरपण!"

पाद्रींनी समाधानाने मान डोलावली. आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो. पासिफिकोची धाकटी बहीण ओनेसिमा तर शालीचं टोक तोंडात कोंबून बसली होती. चाळीसेक माणसं अशी सुखरूप पार झाली.

मग पाद्रींना हुरूप आला. "टेक्ला!" एवढ्यावर ते थांबले नाहीत. वहीवर बोट ठेवून तिचं दुसरं नावही स्वतःच वाचायला लागले. पहिलं अक्षर निघालंसुद्धा. पासिफिको जिवाच्या आकांताने ओरडला, आणि तोंडात आलं ते नाव ओरडला. ते त्याचं स्वतःचं होतं, आईबापांनी ठेवलेलं. पाद्रींचा आवाज त्यात बुडाला. त्यांनी दचकून पान उलटलं.

टेक्ला सुटली. पण गेलेल्यांच्या यादीत, सगळ्यांदेखत, त्याचं नाव पुकारलं गेलं होतं. ते आता कुणालाच घेता येणार नव्हतं. तसं घेणारं तरी कोण उरलं होतं? एकटी ओनेसिमा. संध्याकाळी पाद्रींनी त्याची पाठ थोपटली. उच्चार स्पष्ट होते, म्हणाले.

सकाळी ओनेसिमा लापशीचं भांडं घेऊन त्याच्या दारात आली. घरचं माणूस गेलं की आमच्या बायका करतात, तसे तिने केस जाळून कानापर्यंत आखूड केले होते.

"हे काय गं?"

"भाऊ गेला माझा," ती म्हणाली आणि त्याच्याशेजारी बसली. "खा. गार होतंय."