दोन्ही बाजूंनी सुलट

माझा काका जन्मभर पाट्या रंगवत आला. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, ‘कुत्र्यापासून सावध’च्या. त्यामुळे जगातलं सगळं काही एकाच बाजूने वाचायचं असतं, अशी त्याची पक्की समजूत. पाटी भिंतीवर असते आणि भिंतीच्या मागून कोणी वाचत नाही.

गुडघे शिडी चढेनासे झाले तेव्हा काका-काकू आमच्या शेजारी राहायला आले. मागे राहिलं ते दोघांचं लाडकं शहर. काकूचा जन्म तिथला. काका तिथे काम शोधत गेला, तिच्या वडिलांच्या दुकानाची पाटी मुद्दाम रेंगाळत रंगवली आणि पाटी वाळेपर्यंत लग्न ठरवून बसला. याला तो कामातला चोखपणा म्हणतो. नव्या घरात मात्र काकूचा जीव रमेना. म्हणून एकदा ती बाजारात गेलेली बघून काकाने जेवणाच्या पांढऱ्या टेबलावर त्या शहराचं नाव निळ्या रंगात रंगवलं, वर सोनेरी कड काढली.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. टेबलाला खुर्च्या दोनच, समोरासमोर. काकाने आपल्या खुर्चीशी उभं राहून रंगवलं होतं. काकू आली, आपल्या जागेवर बसली, तर तिचं माहेर तिच्यासमोर डोक्यावर उभं.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. “इथे आल्यापासून सगळं उलटंच वाटतंय,” ती म्हणाली, “त्यात आता हेही.” तेव्हापासून ती ताट घेऊन ओट्याशी उभ्याने जेवू लागली आणि काका त्या नावासमोर एकटा बसून घास गिळू लागला. मला दोघांचीही दया येत होती आणि दोघांचाही राग येत होता.

काका म्हणाला, खुर्च्या बदलू. काकू म्हणाली, मग तुम्ही उलटं वाचणार, तेही मला नको. मी म्हटलं, त्याच्या शेजारी बस की. तर म्हणे, माझं माहेर मी दुसऱ्याच्या बाजूने का वाचू? शेवटी काकाने नाव दोनदा लिहायची तयारी दाखवली, एकदा इकडून, एकदा तिकडून.

“म्हणजे दोन शहरं झाली, पेंटर,” काकू म्हणाली. “आपलं एकच होतं.” लाडात आणि रागात, दोन्ही वेळा ती त्याला पेंटरच म्हणते.

मग मात्र काकाने विडाच उचलला. नाव एकच, पण टेबलाच्या दोन्ही बाजूंनी सुलट वाचता आलं पाहिजे. म्हणजे पहिलं अक्षर फिरवलं की शेवटचं व्हायला हवं आणि मधल्याने फिरूनही तेच राहायला हवं. त्याने जुना रंग टर्पेंटाइनने पुसला, ट्रेसिंग पेपरच्या मधोमध टाचणी टोचली आणि कागद गरगर फिरवत बसला. घोडं पेंड खात होतं ते शिरोरेषेपाशी. कागद फिरवला की डोक्यावरची रेघ पायाखाली जायची. रेघच काढून टाकली, तर अक्षरं दोरीवर वाळत घातलेले कपडे खाली पडावेत तशी विखुरलेली दिसायची.

मला बोलावून वाचायला लावलं. मी धडाधड वाचलं, पण मला नाव आधीच ठाऊक होतं, म्हणून माझी साक्ष बाद झाली. मग त्याने दूधवाल्याला धरलं. दूधवाल्याने कागद इकडून पाहिला, तिकडून पाहिला आणि अदबीने विचारलं, हे औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर. ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या काकूचे खांदे हलू लागले. त्या घरात ती पहिल्यांदाच हसत होती. काकाने ते पाहिलं आणि दूधवाल्याला आग्रहाने चहाला थांबवलं.

त्यानंतर काकू ताट घेऊन येता-जाता कागदात डोकावू लागली. मी काही दिसलं नाही असं दाखवायची. एक दिवस तिला राहवलं नाही.

“रेघ खालीही मारा की,” ती म्हणाली. “आपल्या शहरातल्या पुलाला दोन्हीकडे कठडा होता ना? वर एक, खाली एक. अक्षरांना मधून चालू दे.”

काकाने लगेच पेन्सिल उचलली. मग रात्रीचं जेवणसुद्धा विसरून त्याने दोन रेघांच्या मध्ये नाव बसवलं आणि सकाळी ते टेबलावर उतरवलं. दूधवाल्याने दोन्ही बाजूंनी बरोबर वाचलं, आणि तिथे आपली मावशी राहते असंही सांगून टाकलं.

रंग वाळल्यावर काकूने दोन ताटं आणली. आपल्या खुर्चीवर बसून नावावरून बोट फिरवलं. मग उठली, वळसा घालून काकाच्या मागे गेली आणि त्याच्या खांद्यावरून पुन्हा वाचलं. तिने आपलं ताट अलीकडे ओढलं, खुर्ची फरफटत आणली आणि त्याच्या शेजारी बसली.

“अगं,” काका कळवळून म्हणाला, “तुला तिकडून वाचता यावं म्हणून एवढी खटपट केली.”

“ती बाजू माझी झाली ना आता,” काकू म्हणाली. “मग मी कुठेही बसेन.”

आणि काकाच्या ताटातलं लोणचं आपल्या ताटात घेऊन ती जेवू लागली.