सासूबाईंचा आराम

सत्तर सालच्या आसपास मुलुंडच्या आमच्या सोसायटीत जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक बाळ माझ्या सासूबाईंच्या पायांवर न्हालं. पाटावर बसून त्या पाय लांब करत, त्यावर बाळ पालथं घालत, आणि ते कितीही कोकललं तरी अंगात तेल जिरेपर्यंत सोडत नसत. बाळांच्या आयाही त्यांना टरकून असत.

एकदा शेजारच्या बाळाला न्हाऊ घालताना त्यांच्या हाताला कंप सुटला. बाळाला काही झालं नाही. धसका आम्ही घेतला. मी आणि नवरा दोघेही शिकलेले, नोकरीवाले, म्हणजे शहाणेच. "आता पुरे, आई. आराम करा," मी म्हटलं आणि यापुढे त्यांना बोलावू नका म्हणून सोसायटीभर सांगून आले. वर आपण किती प्रेमळ, म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली.

आराम काही त्यांना मानवला नाही. आधी जेवण तुटलं, मग देवळात जाणं, मग जिना उतरणं. वर्षभरात बाई इतकी वाळली की बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक लिहून दिलं. शेजारणींनी खारकांची पूड सुचवली. नणंद दादरहून आली, "आईला नीट खायला घालत नाही तुम्ही," एवढं निदान करून, पोटभर जेवून परत गेली. दुखणं मनाचं असेल, असं कुणाच्या तोंडून निघालं नाही. मन बिघडलेल्यांना ठाण्याला नेतात, एवढंच आम्हाला ठाऊक, आणि आमच्या घरातलं कुणी ठाण्याला जाणाऱ्यांतलं नव्हतं!

मग मला मुलगी झाली. तिला न्हाऊ घालायला मी बाहेरची बाई लावली. चौथ्या दिवशी सासूबाई भिंत धरत धरत मोरीच्या दारापर्यंत आल्या. कित्येक महिन्यांत एवढं चालल्या नव्हत्या.

"पाणी मी बघू का गं? नुसता हात घालून बघते."

"कशाला उठलात? तोल जाईल ना! जा, झोपा बघू."

"मग उठू तरी कशासाठी, तेवढं सांग," म्हणाल्या.

मी टॉवेल शोधत होते.

त्यानंतर त्या स्वतःहून उठल्या नाहीत. दोन महिन्यांत गेल्या. भेटायला आलेल्या बायका माझं कौतुक करत होत्या, "सुनेनं शेवटपर्यंत इकडची काडी तिकडे करू दिली नाही हो!" खरंच नव्हती करू दिली.